पाणी न पिणारी झाडं आणि माझी आई

लग्न करून मी माणदेश सोडला, त्या दिवशी एसटी फाट्यावर इतका वेळ खोळंबली की ड्रायव्हरची दाढी वाढली. कारण आई. तिनं खिडकीतून तांब्या दिला, मी दोन घोट प्यायले, आणि उरलेलं पाणी ओतायला ती सावकाश लांबच्या लिंबाच्या बुंध्याशी गेली. परत आली तेव्हा कंडक्टर घंटीची दोरी तोडायच्या बेतात होता. "मुळात गेलं म्हंजी वाया जात न्हाय," एवढंच म्हणाली. रडणंबिडणं नाही. आमच्याकडं डोळ्यांतलं पाणीसुद्धा कुणी उगाच सांडत नसे.

गावाकडच्या बायांनो, आणि माझ्यासारख्या इकडं येऊन चिकटलेल्यांनो, पेल्यातलं उष्टं पाणी मोरीत ओतलं म्हणून पाठीत धपाटा खाल्ला नाही अशी तुमच्यात एक तरी आहे का?

आता मी घाटकोपरला, सातव्या मजल्यावर. नळ फिरवला की पाणी. आणि एवढ्या सुखात मला नाद लागला तो पाणी न पिणाऱ्या झाडांचा. ग्रिलमध्ये जेड, कोरफड, कॅक्टस, आणि एक जाड्या पानांची बया, जिचं इंग्रजी नाव जिभेवर बसेना म्हणून मी तिला थोरल्या जाऊबाई म्हणते. कपडे वाळत घालायला जागाच उरली नाही. नवरा ओले शर्ट घालून ऑफिसला जातो आणि ट्रेनमध्ये वाळवतो.

मुंबईची थंडी म्हणजे पंखा एकवर आणायचा आणि कानटोपी शोधायची. पण या सक्युलंटना ती कळते. थंडीत ती झोपतात. पाणी जवळजवळ बंद करायचं, ऊन मात्र मिळेल तेवढं द्यायचं. आमच्याकडं समोरच्या दोन टॉवरच्या फटीतून साडीच्या काठाएवढं ऊन येतं. त्याच्यामागं कुंड्या घेऊन मी ग्रिलवरून ओट्यावर, ओट्यावरून टीव्हीवर फिरत असते.

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन आले. ती अंगणात पडली होती, आणि शेजारणीला कळेपर्यंत तशीच पडून होती. त्या दिवशी मी ठरवलं, ही आता तिथं एकटी राहणार नाही. ती म्हणाली, लेकीच्या घरी किती राहायचं, संक्रांतीपर्यंत येते. मी मान डोलावली. मनात म्हटलं, ये तर खरी.

थोड्याच दिवसांत जेडची पानं गळायला लागली. बुंध्याला बोट लावलं तर पिकल्या केळ्यासारखं आत गेलं. मी कुंडीवाल्याला शिव्या दिल्या, टॉवरच्या बिल्डरला दिल्या, मेट्रोच्या धुळीलाही सोडलं नाही. मग एका दुपारी पाहुणे गेल्यावर बघते तर आई सगळ्यांचे अर्धवट ग्लास गोळा करून ग्रिलपाशी. अर्धा ग्लास जाऊबाईंना, अर्धा कोरफडीला. तांदूळ धुतलेलं पाणी कॅक्टसला. माझ्या वाळवंटात महापूर.

मी हळूच बोलले, म्हणजे तिसऱ्या मजल्यापर्यंतच ऐकू गेलं. "आई, पाण्यानं मरतात गं ती."

तिनं हातातला ग्लास ओट्यावर ठेवला. मग दोन दिवस ग्रिलकडं फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी पिशवी भरून दारात.

"हितं माझ्या हाताला काय कामच न्हाय. घोटभर पाणी घातलं तरी झाड मरतंय. मला गाडीत बसवून दे."

'उद्या बघू' म्हणून मी पिशवी माळ्यावर टाकली. जेडचा कुजका भाग कापला, चांगल्या फांद्या सुकायला ठेवल्या. जखम वाळली की वाळू नि विटांच्या चुऱ्यात लावायच्या. झाडांचं सोपं असतं. आईचं काय करायचं? शेजारच्या सावंतकाकींकडं गेले. त्या मालवणच्या, त्यांच्या गावात पावसाला बसायला जागा पुरत नाही. सगळं ऐकून त्या पोट धरून हसल्या.

"अगो, मग पाणी पिणारा झाड आण. माझा अळू घेवन जा. कितीय घाल, ता पुरे म्हणाचा नाय."

रंगाच्या रिकाम्या डब्यात अळू लावलं, जेडपासून लांब, ग्रिलच्या दुसऱ्या टोकाला. आईला म्हटलं, मला वेळ होत नाही बाई, हे एक दिवस पाणी चुकलं तरी मान टाकतं. तिनं पान उलटंसुलटं करून बघितलं आणि ग्लास उचलला. आठवड्याभरात ती मजल्यावरच्या घराघरांतून उष्टं पाणी गोळा करायला लागली. पानं अशी सुटली की आठव्या मजल्यावाल्यांनी अंधार पडल्याची तक्रार केली.

संक्रांत झाली. गावाहून शेजारणीचा फोन आला, कधी येतेस म्हणून. मी ओट्यापाशी श्वास रोखून उभी. कुकरनंसुद्धा शिट्टी गिळली.

"आत्ताच कसं येऊ?" आई म्हणाली. "हितलं झाड रोज पाणी मागतंय. उन्हाळा तरी काढू दे त्येला."

गावच्या घराला कुलूप आहे. किल्ली आईच्या कमरेला आहे, असू दे. बिल्डिंगमधल्या बायका सुट्टी लागली की विचारतात, माहेरी कधी निघालीस. मी सांगते, हे काय, आत्ताच ग्रिलपर्यंत जाऊन आले.