गॅरेजमधलं पिंप

वाळवंटातल्या चँडलर शहरातले माझे शेजारी मूळचे नागपूरचे. बोलताना ते कधी बसत नाहीत. गाडीची किल्ली या हातातून त्या हातात करत गॅरेजमध्ये येरझाऱ्या घालतात. विषय एकच, स्कॉटलंडमध्ये पाहिलेली व्हिस्कीची डिस्टिलरी. "बार्लीला मोड आणायचे, धुरावर वाळवायची, आंबवून तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळायची. मग ओकच्या पिंपात बारा वर्षं. घाई चालतच नाही, भाऊ." एवढं सांगतानाही त्यांचं लक्ष घड्याळाकडे.

त्यांनी स्वतःही कच्ची व्हिस्की विकत आणून एका छोट्या पिंपात मुरत ठेवली आहे. तिकडच्या थंडीत लाकडातून थोडीशीच उडून जाते. इथल्या उन्हात किती जात असेल, कोण जाणे. म्हणून माठाला गुंडाळावं तसं पिंपाला ओलं फडकं गुंडाळून ते सारखं भिजवत राहतात.

परवा ते पाणी आणायला आत गेले, तेव्हा मी सहज पिंपावर टिचकी मारली. आवाज पोकळ आला. हात मागे घेईपर्यंत ते दारात उभे होते.

"वाजवू नका," ते म्हणाले. "मला माहीत आहे."

आणि फडकं भिजवून पुन्हा गुंडाळू लागले, या खेपेला जरा घट्ट.