शेजाऱ्यांचा गुणकारी रस्सा

मरोदा कॉलनीतले आमचे शेजारी प्लांटमधून रिटायर झाले आणि मशरूमचे डॉक्टर झाले. बीपीच्या गोळ्या सोडून ते औषधी मशरूमचा रस्सा स्वतः शिजवतात आणि भेटेल त्याला अडवून सांगतात, "माहा बीपी एकदम नॉर्मल! गोळी कावून खायची, समजलं का?"

परवा त्यांनी आग्रहानं स्वतःची वाटी मलाच पाजली. तासाभरात मला घेरी आली. त्यांची बायको कानाशी कुजबुजली, "भाऊजी, त्याईले सांगू नका. त्याईची गोळी मी रोज मसाल्यात वाटून टाकते."

तेवढ्यात ते मशीन घेऊन आले. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून आकडा पाहताच खूश झाले.

"पाहा, एका वाटीत केवढा उतरला! उद्यापासून रोज आणून देतो."

मी मान डोलावली. जपूनच, कारण घेरी अजून उतरली नव्हती.