तिसऱ्या घरानंतरचा धक्का

आत्याच्या नाकावर राग असतो, असं माहेरी आणि सासरी दोन्हीकडे एकमताने बोललं जाई. दोन्हीकडच्यांचं दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर एकमत नव्हतं. भावाची मुलं तिला आत्या म्हणत, म्हणून आळीही म्हणू लागली, आणि साठी ओलांडल्यावर तिचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

आत्या केस कापायची. तिला दुकान नव्हतं. अंथरुणातून उठता न येणाऱ्या बायकांच्या घरी जाऊन ती त्यांचे केस धुवायची, गुंता सोडवायची, कापायची, वाळवायची. मानेखाली सरकवायचं रबरी भांडं, पाण्याचे कॅन, बादल्या, टॉवेलांचा गठ्ठा, ड्रायर असं सगळं लटांबर ती आपल्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीतून न्यायची. गाडी तिने नवऱ्याच्या माघारी स्वतःच्या कमाईतून घेतली होती, तीही कुणीतरी वापरून जुनी केलेली. गाडी नाही तर काम नाही, इतका साधा हिशोब होता.

ती गाडी गेला महिनाभर मध्येच गचका देत होती. चालता चालता कुणीतरी मागून दोरीने ओढावं तसा वेग तुटायचा, इंजिन ओरडायचं, आणि थोड्या वेळाने काहीच घडलं नाही अशा थाटात गाडी पुढे निघायची. एकदा मागचा टेम्पो अगदी बंपरला येऊन थांबला. टेम्पोवाल्याने आत्याच्या वयाचा उद्धार केला. आत्याने त्याच्या सात पिढ्यांचा केला.

गॅरेजवाल्याकडे ती दोनदा गेली. तो दोन्ही वेळा गाडी घेऊन गल्लीला एक वळसा मारून आला आणि हात पुसत म्हणाला, "आत्या, गाडीत काही नाही."

"मग काय माझ्यात आहे?"

तो पुढच्या गाडीचं बॉनेट उघडायला वळला. म्हणजे त्याचं उत्तर तेच होतं.

घरी मुलाने तेवढाही संकोच केला नाही. "आई, तुझा पाय चुकून ब्रेकवर पडतो. वयाप्रमाणे होतं असं." मुलगा चांगला होता, आईची काळजी करायचा, आणि काळजी करताना समोरच्याचं ऐकायचं असतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने किल्ली काढून घेतली. एका सकाळी चहा पिता पिता त्याने सांगितलं, की रविवारी गाडी बघायला गिऱ्हाईक येतंय. "आणि तुझ्या त्या बायकांना मी मागच्याच आठवड्यात फोन करून कळवलंय, आई आता येणार नाही म्हणून. तुला सांगायला बरं वाटलं नसतं."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती आवाज चढवून बोलली नाही, म्हणून सून घाबरून स्वयंपाकघरात गेली. मुलगा आंघोळीला गेल्यावर आत्याने खुंटीवरच्या त्याच्या पँटच्या खिशातून किल्ली काढली आणि गाडी थेट गॅरेजच्या दारात आडवी लावली. आत एकच खुर्ची होती. तिच्यावर ती बसली.

"मी इथून हलणार नाही. तू माझ्याबरोबर गाडीत बसायचं, आणि गचका येईपर्यंत बसायचं."

"आत्या, दुसरी कामं आहेत हो!"

"कर की. उभ्याने कर."

तासाभराने दादा आला, आत्याचा थोरला भाऊ. भाच्याने त्याला फोन केला होता. दादाला जगातलं सगळं कळायचं, आणि उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"अगं, हट्ट सोड. डाव्या पायाला क्लचची सवय असते, तो आपोआप..."

"दादा, तू चालव."

"मी?"

"तुझा पाय तरी तरुण आहे ना? दोन वर्षांनी मोठा आहेस माझ्याहून, पण पुरुषाचा आहे."

गॅरेजवाल्याला हसू आलं. ते त्याला महाग पडलं, कारण आत्याने त्यालाही मागच्या सीटवर कोंबलं.

दादा चालवू लागला. गाडी लोण्यासारखी चालली आणि दादाची जीभही. "बघितलंस? पाय असा हलका ठेवायचा. यंत्राला माणूस कळतो." आत्या समोर बघत होती. तिला हवा तो रस्ता ती सांगत होती: आधी पुलाकडचं पहिलं घर, मग वखारीमागचं दुसरं, मग टाकीचा चढ चढून तिसरं. तिचा रोजचाच रस्ता. गचका नेहमी तिसऱ्या घरानंतर येतो, हे ती दोनदा सांगून बसली होती. गॅरेजवाल्याने ते बाईमाणसाचं पाल्हाळ म्हणून सोडून दिलं होतं.

तिसरं घर मागे पडलं. दादा म्हणत होता, "विश्वास हवा, विश्वास..." तेवढ्यात गाडीने मान मुरगळल्यासारखा हिसका दिला. इंजिन किंचाळलं. मागच्या बसने कर्कश हॉर्न दिला.

"मी काही केलं नाही!" दादा ओरडला. "ब्रेकला पाय लावला नाही मी! शपथ!"

आत्याने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"मला महिनाभर म्हातारी ठरवलंत," आत्या म्हणाली. "तुला शपथ घ्यायला एक क्षणसुद्धा लागला नाही."

मागून गॅरेजवाला दोन सीटच्या मधून पुढे झुकला होता. "काटा बघा. वेगाचा काटा."

गाडी चालत होती आणि काटा शून्यावर पडला होता.

गॅरेजमध्ये त्याने गाडी लिफ्टवर चढवली आणि चाकं हवेत फिरती ठेवली. काटा आता शहाण्या मुलासारखा वर होता. गॅरेजवाला गिअरबॉक्सच्या बगलेतला अंगठ्याएवढा काळा तुकडा दाखवत म्हणाला, "हा सेन्सर. गाडी किती वेगात आहे ते हा गिअरबॉक्सला सांगतो. तापला की हा मुका होत असणार. मग गिअरबॉक्सला वाटतं गाडी थांबली, आणि तो खालचा गिअर टाकतो. पण इथे येईपर्यंत निवला. पुन्हा तापवायला हवा, नुसता एवढाच."

आत्याने डिकी उघडायला लावली आणि ड्रायर काढून त्याच्या हातात आपटला. "जवळ धरू नकोस, जळेल. वीतभर लांबून."

गरम झोत सेन्सरवर गेला. थोडा वेळ काही नाही. मग काटा थरथरला आणि खाली कोसळला. ओलं फडकं लावलं, काटा उठला. पुन्हा झोत, पुन्हा खाली. दादा वर बघत होता, जणू छताला काही झालंय.

"सांगितलं होतं तुला, तिसऱ्या घरानंतर," आत्या गॅरेजवाल्याला म्हणाली. "तू गल्लीला वळसा मारून काय बघितलंस? रंग?"

"चुकलं, आत्या."

"चुकलं काय! बसव नवा. आत्ता."

संध्याकाळी तिने मुलाला कामावरून थेट बोलावून घेतलं आणि गाडीत बसवलं. तो म्हणाला, "बरं झालं सापडलं. मी फोन करतो सगळ्यांना." ती म्हणाली, "फोन नको. सामान उचल."

पहिली वर्दी मोठ्या बाईंची. शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, अंथरुणाला खिळलेल्या. कमरेपर्यंतची पांढरीशुभ्र वेणी हीच त्यांची एक मिजास उरली होती. आत्या ती तासभर धुवायची, आणि बाई तिला आळीतल्या सगळ्यांच्या चुका सांगायच्या.

मुलगा भांडं घेऊन मागोमाग आत आला आणि दारातच थांबला.

वेणी नव्हती. कानाच्या वर, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी, घाईने कातरलेलं डोकं उशीवर होतं. बाईंची सून पदर चाळवत म्हणाली, "तुम्ही येणार नाही असा फोन आला. मला एकटीला एवढे केस कसे झेपणार? दुसरं कोण येतंय इथे?"

तिच्यावर काय रागवायचं! आत्याने कात्री काढली. बाईंच्या मानेखाली टॉवेल सरकवला, कंगवा ओला केला आणि दोन्ही बाजू सारख्या करायला लागली. तिचा हात दगडासारखा स्थिर होता.

"गाडी झाली का गं नीट?" बाईंनी भिंतीकडे बघत विचारलं.

"झाली. ती बिघडली होती. मी नाही."

"ते मला ठाऊक होतं. मला कुणी विचारलं नाही."

मुलगा हातात भांडं घेऊन तसाच उभा होता. "आई, मला वाटलं..."

"तुला वाटलं. झालं ना बघून? आता बादली भरून आण."

खाली उतरल्यावर त्याने भांडं डिकीत ठेवलं आणि पुढचं दार उघडलं.

"मागे बस," आत्या म्हणाली. "पुढे टॉवेल ठेवायचेत. अजून चार घरं आहेत, प्रत्येक घरी आत यायचंय तुला."