मीरासाबभाईंची रशियन लेन्स

मंगळवार पेठेत आमच्या देवीच्या देवळासमोरच मीरासाबभाईंचा फोटो स्टुडिओ. नव्वद सालानंतर दहा-बारा वर्षं पेठेतलं एकही लग्न त्यांच्या कॅमेऱ्याशिवाय लागलं नाही. माझ्या लग्नाचे फोटोही त्यांचेच. त्यांच्याजवळ एक जुनी रशियन लेन्स होती. अंधाऱ्या माजघरातसुद्धा तिच्यातून माणसाचे डोळे जिवंत यायचे.

मग डिजिटल कॅमेरे आले. शेजारी अतुलनं नवा स्टुडिओ टाकला आणि भाईंकडं फक्त पासपोर्ट फोटोची गिऱ्हाईकं उरली. लेकीनं, आफशीननं, त्यांना पुण्याहून एक वापरलेला डिजिटल कॅमेरा आणून दिला, तो बिनलेन्सचा. भाईंनी उद्यमनगरात ज्ञानू लेथवाल्याकडून पितळेचं एक कडं करून घेतलं आणि त्याच्या आधारानं जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवली. अतुल हसायचा, "चाचा, फटफटीला बैलगाडीचं चाक लावलंय की!"

भाई म्हणायचे, "चालतंय तवर चालू दे."

दोन हजार सातच्या माघात आमच्या देवीला वज्रलेप करायचं ठरलं. मूर्ती फार झिजलेली. लेप चढला की जुना चेहरा कायमचा आत जाणार. माझे मालक देवीचे पुजारी, सगळे त्यांना गुंडूअण्णा म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून पहाटेची समई मी लावते. त्या उजेडात देवीच्या डाव्या ओठाच्या कोपऱ्यात बारीकसं हसू दिसतं. ते तेवढं राहावं, एवढंच माझं मागणं होतं. याआधी कुणी फोटो काढला नव्हता असं नाही, पण मुखवटा आणि साडीशिवायचा एकही नव्हता.

वज्रलेपाच्या दिवशी सकाळी साडेदहाला मूर्तीतलं देवपण मंत्रानं कलशात घ्यायचं होतं. त्याआधीच काय तो फोटो. अटी दोनच, फ्लॅश मारायचा नाही आणि त्या दिवशी कठड्याच्या आत पुजाऱ्याशिवाय कुणी जायचं नाही. कठड्यापासून मूर्ती बारा फुटांवर.

आधी अतुल उभा राहिला. अंधारात त्याची लेन्स नुसतीच पुढं-मागं घरघरत राहिली. फोटो आला तो राख फासल्यासारखा.

मग भाई. टोपी नीट केली, डोळा लावला, लेन्स फिरवत शेवटाला टेकवली. घामच फुटला त्यांना. "वैनी, देवी साफ दिसंना."

अतुल म्हणाला, "चाचा, मोतीबिंदू झाला असंल."

भाईंनी माझ्याकडं कॅमेरा धरला. मी पाहिलं. कठड्याजवळची घंटा लख्ख, मूर्ती धुक्यात.

"डोळ्यात न्हाय हो," मी म्हटलं, "जवळचं दिसतंय, लांबचं दिसत न्हाय."

भाईंनी लेन्समागच्या कड्यावरून बोट फिरवलं. मग कपाळावर हात मारून घेतला. "कडं जाड झालंय, लेन्स फुडं सरकलीय! दुकानात गिऱ्हाईक चार हातांवर बसतंय, लांबचं कधी बघितलंच न्हाय मी!"

साडेआठ वाजलेले. भाईंनी सायकल काढली आणि उद्यमनगराकडं सुटले. इकडं विधी सांगायला आलेले गुरुजी घड्याळ बघायला लागले. मालक म्हणाले, "मुहूर्त कुणासाठी थांबत न्हाय." मग मी गाभाऱ्यात फुलं द्यायच्या निमित्तानं त्यांच्या हाती समईसाठी दोन जास्तीच्या वाती दिल्या आणि मनातल्या मनात देवीला म्हटलं, तुझं हसू आहे, तूच बघ.

दहाला पाच कमी असताना भाई परत आले, पायजमा चेनमध्ये अडकून फाटलेला. ज्ञानूनं कडं लेथवर धरून एक मिलिमीटर घासून दिलं होतं. नुसतं एक मिलिमीटर!

भाईंनी कोपर कठड्यावर टेकलं. लेन्स इतकी हळू फिरवली की जणू निजलेल्या लेकराची कूस बदलतायत. "गुंडूअण्णा, समई जरा डावीकडं... आणि हलू नगा." मालकांनी समई सरकवली.  खट्. परत एकदा खट्.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर देवी उमटली. झिजलेलं नाक, कपाळावरची चीर आणि डाव्या ओठाच्या कोपऱ्यात माझं ते हसू. मालकांनी लांबूनच पाहिलं आणि कठड्याच्या आतून हात जोडले. मी पदर डोळ्यांना लावला. बाहेरच्या पोरांनी हलगी धरली, कुणीतरी भाईंच्या टोपीवर गुलाल उधळला. पायजमा फाटलेला, टोपी गुलाबी, आणि मीरासाबभाई देवळाच्या पायरीवर नवरदेवासारखे उभे.

तो फोटो आता सभामंडपात आहे. लेप दिलेल्या मूर्तीला नमस्कार करून लोक त्याच्यासमोर थांबतात.

चार दिवसांनी अतुल भाईंच्या स्टुडिओच्या दारात घुटमळत होता. "चाचा, तसली लेन्स कुठं मिळंल?"

"जुन्या बाजारात हुडक," भाई म्हणाले. "आणि कडं करून घेतलंस की आधी लांबचं बघ, माझ्यागत करू नगंस."