सणसरच्या फळ्यावर न आलेली बातमी

"आधी सांगतो, मग लिवतो," असं म्हणून तो उजव्या हाताची बोटं पँटीवर पुसायचा. खाकी पँटीवर खडूचे पांढरे पट्टे कायमचे बसलेले. त्या पट्ट्यांवरून तो लांबूनही ओळखू यायचा.

तो फोन खात्यात लाईनमन होता. नव्वदनंतरची ती वर्षं. बारामती-इंदापूरकडच्या गावांत तारा नुकत्या पोचत होत्या, आणि हा सायकलीला पिशवी अडकवून खांबाखांबानं हिंडत असायचा. नाव होतं, पण कुणी घेत नसे. सगळे लाईनमनच म्हणायचे. तुमच्याही गावात असा एखादा असेल, पगार एका कामाचा घेणारा आणि जीव दुसऱ्याच कामात अडकलेला.

याचा जीव फळ्यात होता. चौकातल्या भिंतीवर काळा रंग फासायचा आणि रोज सकाळी त्यावर गावाची बातमी लिहायची. गावोगाव असे फळे लिहिणारे कुणी ना कुणी असतातच. यानं ते एकमेकांना जोडले. नव्या गावात शिरला की आधी भिंती वाचायचा. "पाणीपट्टी भरा" एवढंच लिहिलेलं दिसलं तरी थांबून विचारायचा, "अक्षर कुणाचं हे?" मग त्या माणसाला शोधून काढायचा, चहा पाजायचा आणि फळ्याला लावायचा. सणसरला एक केशकर्तनालयवाला, कळसला एक शेतकरी, अशी सात गावं झाली.

त्याची एक पद्धत होती. आपल्या गावाची वाईट बातमी आपल्या फळ्यावर लिहायची नाही, ती शेजारच्या गावाला द्यायची. स्वतःच्या गावात लिहिलं तर दुसऱ्या दिवशी डोकं फुटतं. शेजारच्या गावात लिहिलं तर लोक चवीनं वाचतात आणि पाहुण्यारावळ्यांतून ती संध्याकाळपर्यंत घरी पोचते. घाई असली तर हा खांबावर चढून, तपासणीचा फोन तारेला लावून पुढच्या गावाला बातमी सांगायचा. खाली माणसं माना वर करून ऐकत उभी.

मात्र ज्याची बातमी, त्याला आदल्या संध्याकाळी तोंडावर सांगायचा. एका गावच्या टाकीत कबूतर मरून पडलं होतं. सरपंचाला सांगून आला. रातोरात टाकी धुतली गेली आणि सकाळी शेजारच्या फळ्यावर आलं, "टाकी स्वच्छ झाली, सरपंचांचे आभार." सरपंच स्वतः सायकल मारत ते वाचायला गेला.

माझं जळोचीच्या चौकात विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान. चौथीतून शाळा सोडून दुसऱ्याच्या हाताखाली तार गुंडाळत मी ते उभं केलेलं. माझी भिंत मागायला आला तेव्हा मी विचारलं, "भाडं काय देणार?"

"रोज ताजी बातमी."

"बातमीवर भजी तळत्यात व्हय?"

"वाचाय थांबलेली माणसं तुमच्या दुकानाकडं तोंड करून हुबी राहत्याल, शेठ."

आयुष्यात मी फार थोडे सौदे हरलो, त्यातला हा एक. भिंत दिली. पुढं दुसऱ्या गावांच्या लाजेच्या गोष्टी वाचून सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचो.

मग माझ्या मुलाचं जमलं. मुलगी कळसची, त्या फळा लिहिणाऱ्या शेतकऱ्याचीच. माणूस अबोल, अक्षर देखणं. सगळं ठरलं, सुपारी फुटली, आणि निघता निघता मी म्हणालो, "जावई सासुरवाडीला सायकलवर येनार काय?" त्यांना कळलं. "बघतो," म्हणाले आणि मान खाली घातली. परतीच्या वाटेवर मी खुशीत होतो. मोटारसायकल फुकट पदरात पडली होती.

काही दिवसांनी संध्याकाळी लाईनमन दुकानात आला. चहा नको म्हणाला.

"जयभीम शेठ. आधी सांगतो, मग लिवतो. उद्या सणसरच्या फळ्यावर तुमी हाय."

"नाव घालून?"

"न्हाय. जळोचीचा मोटारी भरणारा, एवढंच."

"मग ऱ्हायलं काय? कुणी दिली बातमी?"

"ज्याच्या दारात घडली त्यानंच. म्हणला, माझ्या फळ्यावर कसं लिवू, पोरगी वाचंल." त्यानं बोटं पुसली. "गाडी सोडा, शेठ. मग सोडली म्हणूनच लिवतो. तुमचंच नाव हुईल."

मी तापलो. हातातला पाना आपटला. "माझ्या भिंतीवर पोसलेले तुमी, अन् माझीच अब्रू काढताय?"

"भिंत सणसरची हाय," तो म्हणाला.

ओरडून काम होणार नाही हे लक्षात आलं तसा माझ्यातला व्यापारी जागा झाला. त्याचं दुखणं मला माहीत होतं. गिलाव्यावरचे फळे पावसात सोलून निघत. रोज रंग कोण लावणार म्हणून दोन गावचे लिहिणारे सोडायच्या बेतात होते. मी आवाज उतरवला. "सात गावं ना तुमची? सातही गावांत सिमेंटचे पक्के फळे बांधून देतो. वर पत्रा. उद्याचं तेवढं लिवू नका."

तो भिंतीपाशी गेला, फळ्याचा सुटलेला पोपडा नखानं काढला. मग विचारलं, "पत्रा चांगला द्याल?"

गिऱ्हाईक पत्र्याची जात विचारू लागलं की सौदा झालेला असतो. हे मला धंद्यानं शिकवलं आहे.

बातमी आली नाही. फळे झाले. कळसचाही झाला, व्याह्यांच्या घरासमोरच. गाडीही आली. लग्नात लाईनमन मांडवाच्या कडेला उभा होता. व्याही जवळ जाऊन एवढंच म्हणाले, "फळा झ्याक झाला की हो, लाईनमन."

तो जेवला नाही.

त्यानंतर तो माझ्या दुकानात चढला नाही. भिंतीवर लिहायचा आणि पाठ फिरवून जायचा. बोभाटा मात्र झालाच. आता तो कुणाकडं सांगायला गेला की समोरचा म्हणायचा, "मोटारवाल्याला सोडलं, आमी काय घोडं मारलंय?" लोकांनी बातम्या देणं बंद केलं. फळ्यांवर सुविचार आणि ढोबळी मिरचीच्या रोपांच्या जाहिराती उरल्या. पुढं त्यानं स्वतःच बदली मागून घेतली असं ऐकलं. कुठं गेला ते जळोचीत कुणाला सांगितलं नाही.

माझा राग अजून गेलेला नाही. व्यवहार दोघांच्या मर्जीनं झाला होता. मग तोंड त्यानं का फिरवावं? आणि त्याहून खोलवर दुसरा राग आहे. त्यानं नाही म्हणायला हवं होतं. समोरच्यानं विकू नये असं मला मागाहून वाटलं, असा जन्मातला तो एकच सौदा.

कळसला जाणं होतंच. व्याही अंगणात खाट टाकतात, नेहमी एकाच जागी. समोर तो फळा. पत्रा अजून गंजलेला नाही, रंग टिकला आहे. त्यावर त्यांनी आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. काळा, कोरा, स्वच्छ. ते उसाचं बोलतात, पाण्याचं बोलतात, आणि मी बघत बसतो.

गेल्या खेपेला मला राहवलं नाही. विचारलं, "लाईनमनचं काय कळलं का हो कधी?"

त्यांनी चहाची बशी माझ्याकडं सरकवली.

"आमाला कुठनं कळनार, पावणं," ते म्हणाले. "त्यो तुमचा माणूस."