साखरेचा पुडा आणि वॉटरप्रूफ जीप

बीड जिल्ह्यात पाण्यातून चालणारी गाडी विकत घेणारा माणूस वेडा तरी असतो, नाहीतर मी तरी असतो.

मी नांदूरघाटचा. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप मी घेतली, ती खताची पोती न्यायला, असं घरी सांगून. खरं म्हणजे मला तिचा इतिहास पाठ होता! महायुद्धातली जीप खोल पाण्यात शिरली की फुरफुरून बंद पडायची. म्हणून युद्ध संपल्यावर गोऱ्यांनी डोकं चालवलं. बॅटरी सहा व्होल्टची होती ती चोवीसची केली, वायरी-प्लग सगळं वॉटरप्रूफ केलं. तळाला बुचं तर आधीपासूनच होती, आत शिरलेलं पाणी काढून टाकायला. माझी जीप त्याच खानदानातली. हे मी गावात इतक्यांना ऐकवलं, की मी पारावर आलो की माणसं शेळ्या शोधायला उठायची. (काहींकडे शेळ्या नव्हत्या.)

अडचण एकच. पाणी! आमच्याकडे तेव्हा पाणी फक्त टँकरमध्ये दिसायचं. लोक पिकासाठी आभाळाकडे बघत होते, मी जीपसाठी.

अशात पुतण्या दत्ताचं लग्न जमलं. शेती करणाऱ्या पोराला हल्ली पोरगी कोण देतो? दत्ताला एवढे नकार आले होते, की पोहे बघितले तरी त्याचा चेहरा पडायचा. शेवटी बीडजवळच्या, धरणाकाठच्या पालीच्या बाजूची एक मुलगी हो म्हणाली. साखरपुड्याच्या दिवशी सगळे भाड्याच्या गाड्यांतून पुढे गेले. जीपमध्ये मी, दत्ता आणि माझी थोरली बहीण आक्का. आक्काच्या मांडीवर लाल कागदातला साखरेचा पुडा. म्हणजे नवरदेव आणि पुडा, दोन्ही माझ्या ताब्यात!

मुलीच्या गावाअलीकडे ओढा लागला. त्यावर चांगला पूल होता. पण खाली गुडघाभर पाणी होतं! मी गाडी थांबवून ते डोळे भरून पाहिलं.

"काका, पूल तिकडं हाय," दत्ता म्हणाला.

"पुलावरून कुनीबी जातंय बे!"

"मंग आपुन बी जाऊ की! पांढरी पँट हाय माझी!"

"बापू, कावून पान्यात घालायलास?" आक्का कडाडली.

"आक्के, गाडी वॉटरप्रूफ हाय!"

"गाडी हाय. आमी न्हाईत!"

मी जीप घातली. मानलं पाहिजे, इंजिन एकदाही चाचरलं नाही! पण या जीपला दारं नसतात. (युद्धात उडी मारून उतरायचं असतं.) मधोमध खड्डा निघाला आणि पाणी दोन्ही बाजूंनी आत आलं. आक्कानं पाय वर घेतले, दत्तानं पँट.

"भिऊ नका! पानी काढायची सोय हाय!" असं म्हणून मी गाडी थांबवली, वाकलो आणि तळाचं बूच उपटलं.

बुचाच्या भोकातून पाणी बाहेर जातं, पण गाडी पाण्याबाहेर असली तर. गाडी पाण्यात असताना ते आत येतं. जे कारंजं उडालं, ते थेट आक्काच्या मांडीवर! बूच माझ्या हातून निसटून वाहून गेलं. आक्कानं किंचाळत पुडा वर उचलला, तर भिजलेला कागद फाटला आणि निम्मी साखर ओढ्याला गोड करून गेली.

"काका," दत्ता हळूच म्हणाला, "माझं लगीन वाहून चाललंय." त्याचे डोळे भरले होते. मला पहिल्यांदाच त्या जीपची लाज वाटली.

आम्ही निथळत मांडवात शिरलो. मुलीचे आजोबा पुढे आले. मेंढरं राखण्यात जन्म गेलेला माणूस, कळपाची तऱ्हा लांबून ओळखणारा.

"पावनं, पुडा?"

आक्कानं लाल लगदा पुढे केला. त्यातून पाक ठिबकत होता. कुणीतरी "अपशकुन!" असं कुजबुजलं. दत्ता पांढरा पडला. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी बोललो.

"आजोबा, गाडी मातर बंद पडली न्हाई हां! युद्धानंतर गोऱ्यांनी तिच्यात..."

"बापू!" आक्का दातओठ खात म्हणाली.

म्हाताऱ्यानं पाकात बोट बुडवून चाखलं. सगळा मांडव त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"लई गोड हाय की!" तो म्हणाला. "मंग झाला साखरपुडा. साखर काय आन पाक काय!"

आतून मुलीचं हसू ऐकू आलं. दत्ताच्या जिवात जीव आला. आजोबांनी मग मला बाजूला घेतलं.

"सोयरीक पक्की. पर लग्नाला एक अट हाय."

"बोला की."

"नवरदेव पुलावरनं यील. तुमी वॉटरप्रूफ हायसा, तुमी वढ्यातनं या."

लग्नाला मी पुलावरूनच गेलो, एसटीनं. बूच काही सापडलं नाही. आक्का म्हणते, बरं झालं. ते मुळात गाडीच्या तळाला नाही, माझ्या तोंडाला बसवायचं होतं!