पदर आणि मिक्स्चरचा स्क्रू

परवा लेकाच्या जुन्या गाडीने पेट्रोल प्यायचा सपाटाच लावला, म्हणून आम्ही ती मेकॅनिककडे नेली. त्याने कॉम्प्युटर जोडला आणि म्हणाला, "मावशी, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. धुराच्या पाइपात असतो तो. धुरात हवा किती उरली ते हुंगतो आणि पेट्रोल कमी कर की वाढव, ते कळवतो. तो गेला की इंजिन नुसतं अंदाजाने पीत बसतं."

"अरे बाबा, ही नोकरी मी केलेय!" मी म्हटलं. त्याला वाटलं, म्हातारीला ऊन लागलं.

ऐंशीच्या दशकात जोगेश्वरीला आमचं गॅरेज होतं. आमचं म्हणजे ह्यांचं. इंजिन चालू ठेवायचं, मागे जाऊन धूर हुंगायचा, पुढे येऊन कार्बोरेटरवरचा हवा-पेट्रोलच्या मिक्स्चरचा स्क्रू किंचित फिरवायचा. कच्च्या पेट्रोलचा वास आला, की पेट्रोल जास्त. प्लग काळा पडला की तेही कळायचं, पण चार दिवसांनी. नाकाला लगेच कळतं. ह्यांच्या नाकावर गॅरेज चालायचं, आणि त्या नाकाचा तोराही तेवढाच.

मग ह्यांना जबर सर्दी झाली. सर्दी गेली आणि गिऱ्हाइकं परत यायला लागली, "गाडी फार पेट्रोल खातेय हो." हे त्यांच्यावरच डाफरायचे. नाक्यावरच्या डॉक्टरांची गाडी दोनदा परत आली. डॉक्टर म्हणाले, "उद्या शेवटचं. नाहीतर अंधेरीला दाखवतो." डॉक्टरांचं बघून सगळी वस्ती आमच्याकडे यायची. ते गेले असते तर आमची वाटच लागली असती.

त्याच दुपारी मी बाजारातून आले, तर हे स्वतःच वाढून घेऊन जेवत होते. मला दारातच वास आला. कालचं बांगड्याचं कालवण उतरून आंबलं होतं. आणि ह्यांचं ताट चाटूनपुसून साफ! वर म्हणतात, "बरा झालाहा गो." अहो, मालवणचा माणूस! आज बांगडा की पेडवे, ते जिन्यातूनच सांगणारा. उरलेलं कालवण मी गुपचूप मोरीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची गाडी आली तेव्हा मी डबा घेऊन गॅरेजात गेले आणि गाडीच्या मागे उभी राहिले. "बायकांचं काय काम इथे?" हे खेकसले. मी हलले नाही. कच्च्या पेट्रोलचा धूर डोळ्यांना झोंबला तसा मी पदर नाकाला लावला. ह्यांनी बघितलं. स्क्रू जरा फिरवला. पदर तसाच. अजून जरा फिरवला. वास गेला, मी पदर सोडला, आणि ह्यांनी हात काढून घेतला.

तेव्हापासून रोज अकराला मी डबा घेऊन जायचे. शेजारणी म्हणायच्या, काय बाई नवऱ्याची हौस! म्हणू देत. हातातली कामं टाकून धूर खायला कोणाला आवडतं? चिडायचे मी. पण खरं सांगते, फार सुखाचे दिवस होते ते.

महिन्याभराने डॉक्टर आले ते खूश होऊन. "मिस्त्री, जादू आहे तुमच्या हातात!" आणि नाकावर माशी बसू न देणाऱ्या ह्या माणसाने चार गिऱ्हाइकांदेखत सांगितलं, "हातात काय नाय, डॉक्टर. माका वासच येना नाय. नाक हिचा." लाजेने मी डबा तिथेच विसरून आले.

परवा नवा सेन्सर बसवून मेकॅनिकने गाडी चालू केली. मी सवयीने मागे जाऊन उभी राहिले, पदर हातात धरून. बॉनेटवर वाकून माझ्या पदराकडे बघणारं कोणी नव्हतं. मला रडूच फुटलं.